गुरुवारचं भजन आणि दोन डोसचं प्रमाणपत्र : एक प्रकरण अभ्यास

जानेवारी 2022 च्या पहिल्या आठवड्यात कोल्हापुरातल्या शुक्रवार पेठेतल्या एका भजनी मंडळात जोराचं भांडण झालं आणि मंडळाच्या बुवांनी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप सोडला. मंडळ ज्या खोलीत बसायचं त्या खोलीच्या विश्वस्तांनी सगळ्यांची कोरोना लसीचे दोन्ही डोस घेतल्याची प्रमाणपत्रं मागितली होती. बुवांनी एकही डोस घेतलेला नव्हता. पखवाज वाजवणाऱ्या मामांनी ग्रुपवर लिहिलं, "बुवा लस घेत नाहीत तोवर मी पखवाजाला हात लावणार नाही." बुवांनी जाता जाता उत्तर टाकलं, "मग पखवाजाशिवाय भजन हुईल."

दोघांची मैत्री चाळीस वर्षांची. एकाच गल्लीत वाढलेले, एकाच तालमीत गेलेले.

शहरातल्या प्रभागांमध्ये घरोघरी जाणाऱ्या आरोग्य स्वयंसेवकांना शिकवायचं काम मी करते. मंडळाचे चिटणीस लसीकरणाच्या शिबिरामुळे ओळखीचे झाले होते. त्यांनी फोन केला, "मॅडम, तुम्ही येऊन बुवांना जरा समजावून सांगा." म्हणजे एका माणसाला पटवायचं, इतकंच काम त्यांच्या डोक्यात होतं. प्रशिक्षणात मी हे प्रकरण मांडते ते त्याच कारणासाठी: बोलावणं आलं तेव्हा प्रश्न काय आहे हेच चुकीचं ठरवलेलं होतं. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, नावं दिलेली नाहीत.

माणसं

मंडळ चौदा जणांचं. भांडणात खरे गुंतलेले पाच.

बुवा सहासष्ट वर्षांचे. आयुष्यभर मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर दिवाणजी होते. आवाज अजून खणखणीत. मामा एसटीचे निवृत्त ड्रायव्हर, त्यांच्या पत्नी त्रेसष्ट वर्षांच्या आणि आठवड्यातून दोनदा डायलिसिसवर. चिटणीसांचं महाद्वार रोडला शिलाईचं दुकान. पेटीवर बसणारा पोरगा तेवीस वर्षांचा, उद्यमनगरात लेथवर कामाला. आणि टाळ धरणाऱ्या काकू, अडुसष्ट वर्षांच्या, जुन्या घरात एकट्या राहणाऱ्या, मुलगा पुण्याला.

त्या वेळची हवा आठवल्याशिवाय या माणसांचं बोलणं कळायचं नाही. दुसऱ्या लाटेत राज्यात इतर ठिकाणी रुग्ण कमी होत होते, पण जून-जुलै 2021 मध्ये कोल्हापूर जिल्ह्याचा आकडा खाली यायचं नाव घेत नव्हता. दुकानं उघडू द्या म्हणून व्यापारी रस्त्यावर आले होते. ते निस्तरतंय तोवर जुलैच्या शेवटी पंचगंगेचा पूर आला. मंडळाची मूळची तळमजल्यावरची जागा त्यात गेली, भिंती ओल धरून बसल्या, म्हणून मंडळ पहिल्या मजल्यावरच्या या खोलीत आलं. खोलीला दोन खिडक्या, दोन्ही एकाच भिंतीत, रस्त्याच्या बाजूला. गाड्यांचा आवाज नको आणि गारठा नको म्हणून त्या बंद. हा तपशील त्या पूर्ण भांडणात कोणाच्याही तोंडी आला नव्हता.

नियम काय म्हणत होता

राज्य सरकारचा 27 नोव्हेंबर 2021 चा आदेश होता. कोणत्याही कार्यक्रमाला, दुकानात, मॉलमध्ये येणारी माणसं पूर्ण लसीकरण झालेली हवीत. म्हणजे दोन डोस आणि दुसऱ्या डोसनंतर चौदा दिवस. वैद्यकीय कारणाने लस घेता येत नसेल तर डॉक्टरांचा दाखला. मास्क नीट नसेल तर 500 रुपये दंड, आणि रुमाल बांधला तर तो मास्क धरला जाणार नाही असंही त्यात स्पष्ट लिहिलं होतं. येणाऱ्यांकडून संस्थेने नियम पाळून घेतले नाहीत तर तिलाही 10,000 रुपयांचा दंड. विश्वस्त घाबरले ते या दहा हजारांना, आणि त्यात त्यांची काही चूक होती असं मला वाटत नाही.

जानेवारीत ओमिक्रॉन वाढला तसे नवे निर्बंध आले. धार्मिक, सांस्कृतिक कार्यक्रमाला पन्नास जणांची मर्यादा आली. म्हणजे चौदा जणांनी बंद खोलीत अडीच तास गाणं नियमात बसत होतं, फक्त बुवा बसत नव्हते.

चिटणीसांनी एक वाट सुचवून पाहिली होती. विश्वस्तांपैकी एकजण ओळखीचे आहेत, तेरा प्रमाणपत्रं द्यायची, चौदावं कोण मोजतंय? मामा तर या गोष्टीवर भडकलेच, पण बुवांनीही नकार दिला. "मी काय चोरून यायचं व्हय भजनाला?" बुवांचा हा स्वभाव पुढे फार उपयोगी पडला.

एकेकाला भेटल्यावर

सगळ्यांना एकत्र बसवायच्या आधी एकेकाला वेगळं भेटायचं, हा माझा जुना नियम. चारचौघांत माणूस आपली बाजू मांडतो. ओट्यावर एकट्याला गाठलं की काळजी सांगतो.

मामांची काळजी सरळ होती. "हिचं आठवड्यातनं दोनदा डायलिसिस. मी काय घिऊन घरला गेलो तर ती काय झेपणार हाय व्हय?" त्यांचं बरोबरच होतं. डायलिसिसवरच्या माणसात लसीमुळे तयार होणारं संरक्षण इतरांपेक्षा कमी असतं आणि आजार झाला तर तो जास्त गंभीर होतो. पण मामांनी या खऱ्या काळजीवर एकच उपाय धरून ठेवला होता: बुवांची लस. मी विचारलं, बुवांनी उद्या दोन्ही डोस घेतले असते तर तुम्ही निर्धास्त बसला असता का? म्हणाले, व्हय. तिथे मला थांबावं लागलं. ओमिक्रॉनच्या त्या दिवसांत दोन डोस घेतलेल्यांनाही लागण होत होती आणि त्यांच्याकडून ती पुढे जात होती. लसीने माणूस अत्यवस्थ होण्यापासून, मरण्यापासून चांगला वाचत होता, पण नाकातोंडात विषाणू येणार नाही याची हमी उरलेली नव्हती. मामांच्या घरी विषाणू नेण्याची शक्यता बुवांपेक्षा पेटीवाल्या पोराकडूनच जास्त होती. तो रोज वीस-पंचवीस जणांच्या शेडमध्ये काम करायचा, शेजारचा लेथवाला खोकत होता, आणि दोन डोस झाले म्हणून तो मास्क हनुवटीवर ठेवून फिरायचा.

अजून एक. मामांचा मास्क एन-95 होता, पण पुढे गोल झडप असलेला. तो घालणाऱ्याला जपतो, सोडलेला श्वास मात्र झडपेतून न गाळता बाहेर पडतो. केंद्र सरकारने जुलै 2020 मध्येच असे मास्क वापरू नयेत असं राज्यांना कळवलं होतं. मामांना हे कोणी सांगितलेलं नव्हतं. त्यांनी तो विश्वासाने, जादा पैसे मोजून घेतला होता.

चिटणीसांना 'बंद' हा शब्दच नको होता. दुसऱ्या लाटेत त्यांचं दुकान महिनोन्‌महिने बंद होतं, लग्नसराई गेली, दोन कारागीर गावी निघून गेले ते परत आले नाहीत. म्हणून भजन थांबवूया असं कोणी म्हटलं की त्यांना ते स्वतःच्या दुकानाबद्दल ऐकू यायचं.

काकूंना कोणीच काही विचारलं नव्हतं. त्यांचे दोन्ही डोस झाले होते, त्यामुळे त्या कोणाच्याच यादीत नव्हत्या. त्या म्हणाल्या, "गुरुवार बंद हुता तवा आठ-आठ दिवस माझा आवाज मलाच ऐकू यायचा न्हाई. पोराचा फोन येतोय. पन फोनवर काय गातंय व्हय कोन?" एकटीसाठी काय शिजवायचं म्हणून त्या काळात रात्रीचं जेवण सुटलं होतं, रक्तदाबाची गोळी मधूनमधून राहात होती. साथीतला धोका मोजताना आपण हा भाग मोजत नाही. अडुसष्ट वर्षांच्या एकट्या बाईला आठवड्यातून एकदा माणसांत बसून गाता येणं, ही माझ्या लेखी औषधाच्या यादीत घालायची गोष्ट आहे.

आणि बुवा. त्यांच्याकडे मी शेवटी गेले. एव्हाना पेठेतल्या चार-पाच जणांनी त्यांना समजावून झालं होतं. कोणी पोलिओचं उदाहरण दिलं होतं, कोणी अडाणी म्हटलं होतं. मी फक्त विचारलं की कधीपासून नको वाटतंय. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "माझा थोरला भाऊ एप्रिलात लस घिऊन आला. चौथ्या दिवशी तापला. अकराव्या दिवशी गेला. आता तुमी सांगा, मी कशी घिऊ?"

ग्रुपवरच्या तेरा जणांपैकी मामा सोडून कोणालाही हे माहीत नव्हतं. भाऊ कोरोनाने गेला एवढंच सगळ्यांना ठाऊक. आणि मामांना हे माहीत असूनही, बायकोच्या काळजीपुढे त्यांनी ते बाजूला ठेवलं होतं. बुवांना खुपत होतं ते हे.

उदबत्ती

एकत्र बैठक पंचगंगेच्या घाटावर घेतली, सकाळी, उघड्यावर. तिथे मी लसीचा विषय काढला नाही. प्रत्येकाने फक्त एवढं सांगायचं होतं: घरी कोण आहे, आणि आपल्याला कोणाला जपायचंय. हे एकदा फिरून झालं तेव्हा मामांच्या पत्नीचं डायलिसिस पेटीवाल्या पोराला पहिल्यांदा कळलं. त्याने हनुवटीवरचा मास्क वर घेतला. मी काही बोलले नव्हते.

त्यानंतर चिटणीस, मामा, तो पोरगा आणि मी खोलीवर गेलो. भजनाच्या वेळी असतात तशा खिडक्या बंद, दार लोटलेलं. कोपऱ्यात उदबत्ती लावली आणि बसून राहिलो. थोड्या वेळात वास सगळीकडे आला, मग खिडकीच्या उजेडात निळसर धूर डोक्याच्या उंचीवर पसरलेला दिसायला लागला. उदबत्ती विझवली तरी तो हलत नव्हता. माणूस गाताना, बोलताना, श्वास सोडताना जे अगदी बारीक थेंब बाहेर पडतात तेही असेच हवेत तरंगत राहतात. भारत सरकारच्या प्रधान वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने मे 2021 मध्ये काढलेल्या सोप्या सूचनापत्रात हेच लिहिलं होतं: मोठे थेंब दोन मीटरच्या आत खाली पडतात, बारीक कण मात्र दहा मीटरपर्यंत जाऊ शकतात, म्हणून दारं-खिडक्या उघडा, हवा खेळती ठेवा. पत्रक चांगलं होतं. पण आपल्या लोकांच्या डोक्यात 2020 मधलं सॅनिटायझर आणि सहा फूट घट्ट बसलं होतं, हवा त्यात कुठे आलीच नाही.

मग दोन्ही खिडक्या उघडल्या. धूर थोडा हलला, पण गेला नाही, कारण दोन्ही खिडक्या एकाच भिंतीत. समोरचं जिन्याकडचं दार सताड उघडलं आणि खिडकीशी टेबल फॅन बाहेरच्या बाजूला तोंड करून लावला, तेव्हा धूर बघता बघता निघून गेला. मामा खिडकीशी उभे होते. म्हणाले, "म्हंजे ही लस घेतलेल्यांचा धूर बी असाच राहणार की." प्रकरण तिथे वळलं. माझ्या कुठल्याही बोलण्याने ते वळलं नसतं.

अमेरिकेतली एक घटना मी त्यांना त्यानंतरच सांगितली. वॉशिंग्टन राज्यात स्कॅजिट नावाचं खोरं आहे. तिथल्या एका गायकवृंदाने 10 मार्च 2020 ला अडीच तास सराव केला. 61 जण होते, त्यातल्या एकाला सर्दी-खोकल्यासारखी लक्षणं होती. पुढच्या काही दिवसांत आजारी पडलेल्यांचा आकडा त्याला धरून 53 वर गेला, दोघं दगावले. कोणी शिंकलं-खोकलं म्हणून नाही. बंद जागा, बराच वेळ, मोठ्याने गाणं. लस तेव्हा नव्हतीच, त्यामुळे तो आकडा जसाच्या तसा 2022 च्या शुक्रवार पेठेला लावता येणार नाही, हेही मी सांगितलं. पण हवेचा नियम तोच. ही गोष्ट आधी सांगितली असती तर चिटणीसांनी ती 'बंद'च्या खात्यात टाकली असती आणि मामांनी बुवांच्या अंगावर फेकली असती. माहिती कुठल्या क्रमाने द्यायची हा स्वयंसेवकाच्या कामातला फार मोठा भाग आहे, आणि आपण तो शिकवत नाही.

मास्कबद्दल थोडं

बैठकीत एकाने विचारलं होतं, मास्क खरंच चालतो का? दोन्ही बाजूंना हवं तसं उत्तर इथे मिळत नाही. बांगलादेशात 600 गावांत, सुमारे तीन लाख चाळीस हजार प्रौढांवर एक मोठी चाचणी झाली. काही गावांत मास्क वाटले, वापरायला लावले. तिथे नीट मास्क घालणाऱ्यांचं प्रमाण 13 टक्क्यांवरून 42 टक्क्यांवर गेलं. सर्जिकल मास्क दिलेल्या गावांत लक्षणांसह रक्तचाचणीत पक्का ठरलेला आजार 11 टक्क्यांनी कमी झाला, साठीच्या पुढच्यांत 35 टक्क्यांनी. मास्कने साथ थांबत नाही. मास्क निरुपयोगीही नाही, आणि म्हाताऱ्या माणसांना त्याचा फायदा जास्त. मास्क घालून बुवांची तान निघणार नाही, हे तर उघडच आहे. म्हणून गाणाऱ्याने हवेची काळजी घ्यायची आणि ऐकणाऱ्याने मास्कची, असं ठरलं. चहाही बंद केला. भजन संपल्यावर वीस मिनिटं सगळे मास्क काढून गुडघ्याला गुडघा लावून चहा प्यायचे, आणि या वेळेला कोणी भजनात धरत नव्हतं.

ठरलं काय

काकूंच्या घराला गच्ची आहे. त्यांनीच पुढे होऊन सांगितलं, माझ्या गच्चीवर बसा. जानेवारीभर भजन तिथे, संध्याकाळी पाचला, अंधार पडायच्या आत आटपायचं. पंचपदी, चार अभंग, गजर, आरती. घसा खवखवत असेल त्याने घरी थांबायचं, आणि घरी थांबलेल्याला 'का आला नाहीस' म्हणून टोचायचं नाही. मामा साध्या, झडप नसलेल्या एन-95 मध्ये, वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसतील. पेटीवाल्याने शंका आली तर घरी करायची चाचणी करायची. पुण्यात तयार झालेला तो संच अडीचशे रुपयांना मिळायचा, खर्च मंडळाचा.

एक गोष्ट राहूनच जात होती. मामांच्या पत्नीचा दुसरा डोस एप्रिल 2021 च्या मध्यात झाला होता. वय साठीच्या पुढे आणि शिवाय इतर आजार, अशांना तिसरा, म्हणजे 'प्रिकॉशन' डोस 10 जानेवारी 2022 पासून सुरू झाला होता, अट दुसऱ्या डोसनंतर 39 आठवड्यांची. तारीख मोजली तर त्या त्याच आठवड्यात पात्र होत होत्या. पंधरा दिवस सगळं घर बुवांच्या लसीवर भांडत होतं आणि घरातल्या आजारी बाईची स्वतःची तारीख कोणी बघितली नव्हती. डायलिसिसच्या डॉक्टरांना विचारून त्यांनी तो डोस घेतला.

बुवांचं काय? गच्चीवर, उघड्या हवेत, अंतरावर ते बसले असते तर मामांच्या घराला त्यांच्यापासून फारसा धोका नव्हता, असं माझं मत होतं आणि मी ते सांगितलं. मामाही कुरकुरत का होईना तयार झाले. पण आदेश आदेश होता. बुवांनीच विषय मिटवला. "माझ्यापायी मंडळाला दंड नको. निर्बंध उठल्यावर येतो." काकूंना हे अजिबात रुचलं नाही, बुवाशिवाय कसलं भजन म्हणून त्या दोन गुरुवार रागातच टाळ वाजवत होत्या. मधल्या काळात पेटीवाला पोरगा बुवांच्या दारात, बाहेर ओट्यावर बसून त्यांच्याकडून चाली शिकत होता.

भावाचे कागद

ज्याला पटवण्यासाठी मला बोलावलं होतं त्या माणसाकडे मी लस घ्या म्हणून एकदाही गेले नाही. मी त्यांच्या भावाचे कागद मागितले. ते एका पिशवीत नीट ठेवलेले होते: लसीचं प्रमाणपत्र, तपासणीचा अहवाल, सिटी स्कॅन, दवाखान्याची बिलं. ओळखीच्या एका फिजिशियनना ते दाखवायला बुवांना सोबत घेऊन गेले.

डॉक्टरांनी कागद वाचायला वेळ घेतला. मग सांगितलं: ताप आणि खोकला चौथ्या दिवशी, आरटी-पीसीआर पॉझिटिव्ह, फुप्फुसं भरलेली, ऑक्सिजन उतरत गेलेला. हा कोविडच होता. पहिल्या डोसचं संरक्षण तयार व्हायला दोन-तीन आठवडे जातात, म्हणजे लस त्यांना वाचवू शकण्याच्या आतच आजाराने गाठलं. कोविशिल्डमुळे रक्ताच्या गुठळ्या होण्याचा दुर्मिळ प्रकार असतो हे त्यांनी लपवलं नाही. मे 2021 मध्ये केंद्राच्या समितीने अशी 26 संभाव्य प्रकरणं नोंदवली होती, दहा लाख डोसमागे 0.61. पण त्याची लक्षणं वेगळी, आणि या कागदांत त्यातलं काही दिसत नव्हतं.

बुवांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग लस घ्यायला त्या रांगेत हुबा ऱ्हायला, तिथंच त्याला लागलं असंल का?"

डॉक्टर म्हणाले, "असू शकतं. एप्रिलात केंद्रांवर गर्दी होती. नाकारता येत नाही."

प्रशिक्षणात मी इथे थांबते आणि विचारते की तुम्ही काय उत्तर दिलं असतं. बहुतेक जण म्हणतात, नाही म्हणून सांगितलं असतं, नाहीतर माणूस आणखी बिथरेल. बुवा बिथरले नाहीत. पायऱ्या उतरताना म्हणाले, "नऊ म्हयनं झालं. हे कुनी मान्यच करत नव्हतं." लसीनंतर गंभीर काही घडलं तर त्याची नोंद करायची, जिल्हा पातळीवरून चौकशी व्हायची अशी रीतसर व्यवस्था आपल्याकडे आहे. त्या घरापर्यंत ती कधी पोचली नव्हती. लसीकरणाच्या मोजणीत भावाचा डोस धरला गेला. त्याच्या घरच्यांची शंका कुठेच धरली गेली नाही. लस नको म्हणणाऱ्यांत अफवांवर विसंबणारे पुष्कळ असतात, पण त्यांच्या गर्दीत अशी घरंही असतात आणि दोघांना एकच भाषण देऊन चालत नाही.

त्या दिवशी मी बुवांच्या घरी चहाला थांबले. स्वयंपाकघराच्या दारात वहिनी, म्हणजे बुवांच्या पत्नी, उभ्या होत्या. त्यांना विचारलं, तुमचं काय? त्या म्हणाल्या, "मला मे म्हयन्यापास्नंच घ्यायची हुती. ह्यांनी नको म्हटलं न्हाई कधी. पन ह्यांना सोडून कशी जाऊ? आनि मला कुनी इचारलंच न्हाई." पुढच्या आठवड्यात पेठेतल्या केंद्रावर गर्दी नसलेल्या वेळी त्यांनी पहिला डोस घेतला. बुवा सोबत गेले आणि बाहेर उभे राहिले.

बुवांनी स्वतः लस घेतली नाही. त्यांचं वय आणि त्या लाटेचा जोर पाहता सगळ्यांत जास्त जोखीम त्यांचीच होती आणि मी ते त्यांना स्वच्छ सांगितलं. त्यांनी ऐकलं, नको म्हणाले.

वाद अजून आहे तो इथे

2 एप्रिल 2022, गुढीपाडव्याला राज्याचे निर्बंध उठले, मास्क ऐच्छिक झाला आणि बुवा परत आले. पुढे 2 मे 2022 ला सर्वोच्च न्यायालयाने जेकब पुलियेल खटल्यात निकाल दिला: कोणालाही जबरदस्तीने लस देता येणार नाही, स्वतःच्या शरीरावरचा हक्क घटनेच्या कलम 21 मध्ये येतो, मात्र सार्वजनिक आरोग्यासाठी सरकार वाजवी, प्रमाणात बसतील असे निर्बंध घालू शकतं. माझ्या वर्गात हा निकाल वाचून दाखवला की दोन तट पडतात. एक तट म्हणतो, तीन महिने बुवांना बाहेर ठेवलं हा अन्याय. दुसरा म्हणतो, हेच योग्य होतं.

माझं मत असं. त्या जानेवारीत त्या बंद खोलीतून बुवांना दूर ठेवणं मला योग्यच वाटतं. पण मग उरलेल्या तेरा जणांनाही त्या खोलीत अडीच तास बसू द्यायला नको होतं. प्रमाणपत्र मागून विश्वस्तांचं काम संपलं, मामांच्या पत्नीचा धोका होता तिथेच राहिला. आणि गच्चीवरून बुवांना दूर ठेवण्यात कोणाचंच भलं झालं नाही. नियम माणसाकडे बघत होता, जागेकडे बघत नव्हता. बुवांनी तो पाळला हा त्यांचा मोठेपणा. त्यावरून नियम बरोबर ठरत नाही.

मामांचं शेवटी काय झालं हे स्वयंसेवक नेहमी विचारतात. एप्रिलपासून भजन पुन्हा खोलीत गेलं. उन्हाळा होता, खिडक्या-दार उघडं, फॅन चालू, मामा येत होते. बुवा आणि ते आधीसारखे शेजारी बसत होते. जूनमध्ये पाऊस लागला, झड आत यायला लागली आणि खिडक्या बंद झाल्या. मामांनी दोनदा सांगून पाहिलं, मग यायचं थांबवलं. मंडळाला दुसरा पखवाजवाला मिळाला.

समोरच्या भिंतीला एक एक्झॉस्ट फॅन बसवला तर पावसातही हवा खेळती राहील, असं मी विश्वस्तांना लिहून दिलं. वर्गणीतून निम्मे पैसे द्यायला मंडळ तयार आहे, आणि त्या कागदावर पहिली सही बुवांची आहे. विश्वस्त म्हणतात, कोरोना गेला, आता भिंत कशाला फोडायची. मामांच्या घरचं डायलिसिस थांबलेलं नाही. साधा फ्लूही त्या घराला परवडणारा नाही. म्हणून मी दर पावसाळ्याआधी ते पत्र पुन्हा देते.